उभ्या चौकटीची मूठ

कॅमेऱ्याच्या तळाशी स्क्रूने आवळायची, पोटात दोन बॅटऱ्या सामावणारी आणि बाजूस दुसरे शटर-बटण असलेली जी वस्तू छायाचित्रकारांच्या बोलण्यात बॅटरी ग्रिप या नावाने येते, ती विकत घ्यावी की तोच पैसा लेन्सकडे, फ्लॅशकडे किंवा नुसत्या जादा बॅटऱ्यांकडे वळवावा, हा प्रश्न व्यवसायाबाहेरच्या माणसास किरकोळ वाटण्याजोगा असला, तरी लग्नसराईच्या मोजक्या महिन्यांत वर्षाचा जमाखर्च जुळवणाऱ्या जळगाव-धुळ्याच्या छायाचित्रकारास तो किरकोळ नाही. मूळ कंपनीची ग्रिप तीन-चार बॅटऱ्यांच्या किमतीला पडते. बॅटऱ्यांसह तिचे वजन अर्ध्या किलोच्या अलीकडे-पलीकडे भरते. आणि ते वजन दिवसभर मनगटाने वागवायचे असते. या विषयावर धुळ्यातील एका जुन्या स्टुडिओचे मालक आणि जळगावास लग्नांच्या ऑर्डरी घेणारा त्यांचा भाचा यांच्यात झालेला वाद, दोघांच्याही युक्तिवादाची धार कमी न करता, येथे नोंदवीत आहे. माझे स्वतःचे मत मी झाकून ठेवणार नाही, कारण या व्यवसायातील माणसांची मनगटे आणि त्यांचे पैसे या दोहोंविषयी मला आस्था आहे.

भाच्याने आपली कैफियत बॅटरीपासून सुरू केली.

"मामा, हळदीच्या सकाळी कॅमेरा हातात घेतला की दुसऱ्या दिवशी पाठवणी होईपर्यंत तो खाली ठेवायची सोय नाही. माझ्या कॅनन आर-6 च्या माहितीपत्रकात व्ह्यूफाइंडरमधून पाहून काढलेल्या फोटोंचा आकडा एका बॅटरीमागे 380 दिला आहे, आणि तेवढे फोटो तर मंगलाष्टकांपूर्वीच निघतात. दोन बॅटऱ्या एकदम पोटात असल्या, म्हणजे ऐन अंतरपाट दूर होताना कॅमेरा बंद पडेल ही धास्ती राहत नाही."

"तो 380 चा आकडा निघतो कसा, हे कधी पाहिलेस का?" मामांनी विचारले. "जपानमधल्या कॅमेरा उत्पादकांची सिपा नावाची संघटना आहे, तिने घालून दिलेल्या रीतीप्रमाणे 23 अंश तापमानाच्या खोलीत दर 30 सेकंदांना एक फोटो काढायचा आणि ठराविक फोटोंनंतर कॅमेरा बंद करून पुन्हा चालू करायचा, असा तो हिशेब आहे. अक्षता पडताना तू एका दमात वीस फ्रेम काढतोस, तेव्हा प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला व्ह्यूफाइंडर जागा राहण्याचा वेळ कितीसा येतो? म्हणून अशा कामात कागदावरचा आकडा मागे पडतो. उलट, वरातीची वाट पाहत एकही फोटो न काढता तू अर्धा तास डोळा लावून उभा राहिलास, तरी तुझ्या मिररलेस कॅमेऱ्याची बॅटरी उतरत राहते, कारण त्यातला डोळ्यासमोरचा पडदा विजेवरच चालतो. आरशाच्या कॅमेऱ्यात लेन्समधून आलेला उजेडच सरळ डोळ्यापर्यंत येत असे. म्हणून तुझ्या जुन्या 80-डीला 960 आणि निकॉनच्या डी-7200 ला 1110 असे आकडे मिळत. तुझी तक्रार खोटी नाही. पण तिच्यावर इलाज म्हणून खिशात दोन बॅटऱ्या पुरतात, आणि बॅटरी बदलायला दहा सेकंदांवर वेळ लागत नाही."

"दहा सेकंदांत वरमाला पडून जाते, मामा."

"वरमालेच्या आधी बदलावी. बॅटरीत किती जीव उरला आहे हे कॅमेरा पडद्यावर टक्क्यांत सांगतो. रोलच्या काळात आम्हाला बारा फोटोंनंतर रोल बदलावा लागे, आणि बारावा फोटो कोणत्या विधीला खर्च करायचा याची तजवीज आम्ही आधीच करून ठेवत असू."

येथे मी मामांच्या बाजूचा आहे, आणि त्याला आणखी एक कारण आहे. ग्रिप ही एका बॉडीशी, फार तर तिच्या एक-दोन भावंडांशी बांधलेली असते. निकॉनच्या डी-7000 साठी घेतलेली एम-बी-डी-11 पुढच्या डी-7100 ला बसली नाही. त्यासाठी एम-बी-डी-15 घ्यावी लागली. आणि 2017 साली डी-7500 आला तो ग्रिप जोडण्याची सोयच काढून टाकून आला. बॅटरीचे तसे नाही. 2008 साली कॅननच्या 5-डी मार्क-2 बरोबर आलेली एल-पी-ई-6 ही बॅटरी भाच्याच्या आर-6 मध्येही बसते आणि चालते. ज्याला केवळ विजेची चिंता आहे, त्याने पिढ्या ओलांडणाऱ्या वस्तूत पैसा घालावा. बॉडी विकली की अडगळ होणाऱ्या वस्तूत घालू नये. शिवाय आता पॉवर बँकेवरून कॅमेऱ्यातच बॅटरी चार्ज करता येते, त्यामुळे गावाकडच्या भारनियमनाची जी भीती पूर्वी ग्रिपमध्ये पेन्सिल सेल घालण्याच्या सोयीला मोल देत असे, तीही बरीचशी मावळली आहे.

भाच्याने मग उन्हाचा मुद्दा काढला, आणि खानदेशात तो निघाल्यावाचून राहत नाही. वैशाखात जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांच्या घरात जातो, तेव्हा बॅटरी लवकर संपते आणि म्हणून ती दुप्पट हवी, असा समज आपल्याकडे पक्का आहे. मामांनी तो दुरुस्त केला. "थंडीत बॅटरीची ताकद त्या वेळेपुरती घटते; हिमालयात जाणाऱ्याने तिची काळजी करावी. उन्हाने घटते ते तिचे आयुष्य. पूर्ण चार्ज केलेल्या बॅटऱ्या मांडवाबाहेर उभ्या केलेल्या बंद गाडीत दुपारभर ठेवल्यास, तर त्या आज काम देतील, पण दोन हंगामांत म्हाताऱ्या होतील. बहुतेक कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत वापराची कमाल मर्यादा 40 अंश दिलेली असते, आणि आपल्याकडचा मांडव ती मर्यादा पत्र्याखालीच ओलांडतो. तेव्हा बॅटऱ्या सावलीत, कापडी पिशवीत ठेवाव्यात. ग्रिपमध्ये दोन बॅटऱ्या कोंबल्याने त्यांना ऊन लागायचे थांबत नाही."

वेगाचा प्रश्न फार वेळ टिकला नाही. एक काळ असा होता की ग्रिप जोडल्याने कॅमेरा खरोखर जलद चाले: निकॉनचा डी-300 सेकंदाला 6 फ्रेमऐवजी 8, डी-700 हा 5 ऐवजी 8 फ्रेम काढी, मात्र त्यासाठी ग्रिपमध्ये ठराविक जोरदार बॅटरी किंवा आठ पेन्सिल सेल घालावे लागत; डी-850 लादेखील 7 वरून 9 वर जाण्यासाठी वेगळी, महागडी बॅटरी लागे. त्या कॅमेऱ्यांत आरसा उचलणाऱ्या मोटारीला विजेचा दाब कमी पडे, हे त्याचे कारण. आजच्या मिररलेस बॉडीत आरसा नाही, आणि आर-6 ग्रिपमुळे अधिक वेगाने चालत नाही. भाच्याने हे ताबडतोब मान्य केले.

यानंतर वाद जिथे यायला हवा होता तिथे आला. भाच्याने जळगावच्या श्रीराम रथोत्सवाचे उदाहरण घेतले. 1872 सालापासून कार्तिकी एकादशीला निघणारा तो रथ जुन्या जळगावच्या अरुंद गल्ल्यांतून ओढला जातो. त्याची दिशा आणि गती आवरण्यासाठी चाकांखाली मोगरी लावणारी माणसे रथाच्या अगदी पायाशी वाकलेली असतात. वर मूर्ती आणि फुलांचे तोरण, खाली मोगरीवाले, दोहोंच्या मधोमध हात जोडलेली गर्दी.

"हे दृश्य आडवे मावतच नाही, मामा. दोन्ही बाजूंना घरांच्या भिंती, मध्ये रथ. कॅमेरा उभा धरावाच लागतो. ग्रिप नसेल तर उजवा कोपर कानाच्या वर उचलून, मनगट मुरडून बटण दाबायचे. गर्दीत तो कोपर शेजाऱ्याच्या चेहऱ्यावर जातो, कुणाचा तरी धक्का त्याला लागतो, आणि संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात शटर सेकंदाच्या साठाव्या भागावर आणले की फोटो हलतो. ग्रिप असली म्हणजे दुसरे बटण वरच्या बाजूला, हाताच्या सहज पल्ल्यात येते. दोन्ही कोपर बरगड्यांना टेकलेले राहतात. सत्तर-दोनशेची लेन्स दीड किलोची. एवढे वजन पुढे लोंबत असताना मागे पंजा पूर्ण भरेल अशी पकड असणे आणि करंगळी हवेत अधांतरी असणे, यातला फरक मला संध्याकाळी खांद्यात कळतो."

"उभी फ्रेम हवीच कशाला?" मामा म्हणाले, आणि हा प्रश्न त्यांनी केवळ अडवणुकीसाठी विचारला नव्हता. "तुम्ही लोक अल्बम देता तो करिझ्मा. बारा इंच उंच आणि छत्तीस इंच रुंद असे त्याचे उघडलेले पान. त्यात उभा फोटो बसवायचा म्हणजे दोन्ही बाजूंना फुलापानांची नक्षी भरावी लागते. आडवा फोटो पान व्यापतो."

"अल्बम कपाटात जातो, मामा. नवरीची आई फोटो पाहते ती मोबाइलवर, आणि मोबाइल हातात उभा असतो. वरातीच्या रात्रीच मला वीस-पंचवीस फोटो पाठवावे लागतात. ते स्टेटसला लागतात, नातेवाइकांत फिरतात, आणि पुढच्या ऑर्डरी त्यांवरून येतात. आडवा फोटो तिथे पडद्याच्या मधल्या पट्टीत आकसून बसतो. शिवाय शालू नेसून उभी असलेली नवरी, स्टेजवरची जोडी, हळदीच्या पाटाशी उभी राहिलेली करवली, ही सगळी माणसे उभीच असतात."

मामा काही वेळ बोलले नाहीत. त्यांच्या स्टुडिओत भिंतीवर जुन्या लग्नांचे जे काळे-पांढरे फोटो आहेत ते सगळे चौरस आहेत, आणि या चौरसातच प्रश्नाचे मूळ आहे असे मला वाटते. याशिकासारख्या दुहेरी लेन्सच्या कॅमेऱ्यांत 120 चा रोल घालत, त्यावर सहा सेंटिमीटर बाय सहा सेंटिमीटरचे बारा चौरस निघत, आणि छायाचित्रकार पोटाशी कॅमेरा धरून वरून काचेत पाही. त्या कॅमेऱ्याला उभे नव्हते आणि आडवेही नव्हते. प्रिंट करताना हवा तर वरखाली कापावा, हवा तर बाजूंनी, अशी मुभा अंधाऱ्या खोलीत मिळे. चोवीस बाय छत्तीस मिलिमीटरची पस्तीस एमएमची आयताकृती चौकट आली, तेव्हा ही निवड प्रिंटच्या वेळेपर्यंत तहकूब ठेवणे परवडेनासे झाले, आणि बटण मात्र एकाच कोपऱ्यावर, आडव्या पकडीच्या सोयीने, बसवलेले राहिले. वृत्तछायाचित्रकारांच्या मागण्यांतून व्यावसायिक कॅमेऱ्यांच्या अंगातच दुसरी पकड आली: 1996 सालच्या निकॉन एफ-5 च्या तळाशी ती होती, 1999 च्या डी-1 मध्ये होती, आणि 2021 च्या झेड-9 मध्येही आहे. ज्या बॉडीचे सर्वस्व रोजची धावपळ आहे, तिला निर्मात्यांनी ही पकड सहसा पर्यायी ठरू दिली नाही. सुटी ग्रिप म्हणजे त्याच सोयीचा मध्यम किमतीच्या कॅमेऱ्यांना मिळालेला वाटा, आणि तिच्या पोटातल्या बॅटऱ्या ही तिच्या नावाला मिळालेली, पण माझ्या मते दुय्यम, गोष्ट.

"फ्लॅशचे काय?" मामांनी पुन्हा सुरुवात केली, आणि हा त्यांचा सर्वांत भक्कम आक्षेप होता. "कॅमेरा उभा केलास की डोक्यावरचा फ्लॅश आडवा होतो. उजेड एका बाजूने येतो आणि नवरीच्या नाकाची सावली गालावर, नवरदेवाच्या फेट्याची सावली मागच्या पडद्यावर पडते. ग्रिपने तुझा कोपर खाली येईल, पण सावली हटणार नाही. त्यासाठी ब्रॅकेट लागेल, नाहीतर छताकडे फ्लॅश वळवावा लागेल, आणि मांडवाला छत असते ते रंगीत कापडाचे. लाल कापडावरून आलेला उजेड नवरीला लाल करतो."

भाच्यापाशी याचे पूर्ण उत्तर नव्हते. स्टेजवर दोन बाजूंना उभे केलेले दिवे रेडिओ ट्रिगरने पेटवतो, कॅमेऱ्यावर फ्लॅश ठेवतच नाही, असे तो म्हणाला, आणि ते स्टेजपुरते खरे आहे. वरातीत, जिथे दिवे धरायला माणूस नाही, तिथे मामांचा आक्षेप कायम राहतो.

बोलता बोलता मामांनी चाळीसगावच्या केकी मूस यांचे नाव घेतले. 1912 साली जन्मलेल्या आणि 1989 साली निधन पावलेल्या या कलावंताने आयुष्याचा मोठा काळ चाळीसगावच्या आपल्या घराबाहेर क्वचितच पाऊल टाकून, टेबलावर मांडलेल्या छोट्या वस्तूंतून डोंगर, वाटा आणि हिमवर्षाव उभे करणारी टेबलटॉप छायाचित्रे काढली. ते घर आज त्यांच्या कलेचे संग्रहालय आहे.

"त्यांना कधी ग्रिप लागली नाही," मामा म्हणाले. "एक फोटो मनासारखा होईपर्यंत ते तासन् तास मांडणी करीत. साधनांच्या मागे लागण्याआधी प्रत्येकाने चाळीसगावला जाऊन ते फोटो पाहावेत."

"मी पाहिले आहेत, मामा, आणि त्यांच्यासमोर मी मान लववतो. पण त्यांच्या टेबलावरचा डोंगर त्यांच्यासाठी थांबत होता. माझी नवरी सप्तपदीला सातव्या पावलावर थांबत नाही. गुरुजींना पुढचे लग्न गाठायचे असते, पंगत खोळंबलेली असते, वरण-बट्टी निवत असते."

भाच्याचे हे उत्तर मला पूर्णपणे पटते. केकी मूस यांच्या कामातून शिकण्याजोगे पुष्कळ आहे, पण ग्रिपचा निवाडा तिथे होत नाही. जो विषयाला थांबवू शकतो त्याला ट्रायपॉड आहे. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरातील किंवा राजवाडे संशोधन मंडळातील पोथ्या-दफ्तरांसारख्या कागदांचे कुणी शिस्तीने छायाचित्रण करायचे म्हटले, तर कॅमेरा स्टँडवर खाली तोंड करून दिवसभर एकाच जागी राहील. तिथे बॅटरीच्या जागी बसणारा जोड लावून वीज थेट भिंतीतून घेणे हाच खरा इलाज, आणि ग्रिप लावली तर कॅमेरा व स्टँड यांच्यामध्ये हलण्याची आणखी एक जागा तेवढी निर्माण होईल. सातपुड्यात रानपिंगळा शोधणाऱ्याचेही तेच. 1884 नंतर शतकाहून अधिक काळ कुणा अभ्यासकाला जिवंत न दिसलेला हा पक्षी 1997 च्या नोव्हेंबरात, तेव्हा धुळे जिल्ह्यातच मोडणाऱ्या शहाद्याजवळ, पुन्हा सापडला. आज यावल अभयारण्याच्या परिसरात त्याच्यासाठी छायाचित्रकार येतात. त्यांच्या मोठ्या लेन्सना ट्रायपॉडवर बसणारे कडे असते, आणि त्या कड्यात कॅमेरा नुसता फिरवला की चौकट उभी होते, हात जागचा हलवावा लागत नाही. डोंगर चढताना अर्धा किलो वजन वाचवणे त्यांच्या हिताचे आहे, आणि दोन सुट्या बॅटऱ्या शर्टाच्या खिशात कुणालाही जड होत नाहीत.

म्हणून ग्रिप चांगली की वाईट असा सरसकट फैसला मागणे मला चुकीचे वाटते, आणि मामांनीही शेवटी तो मागितला नाही. त्यांनी भाच्याला संगणक उघडायला लावला. प्रत्येक फोटोच्या फाइलीत तो उभा काढला की आडवा याची नोंद असते, कोणत्या लेन्सने काढला याचीही असते. त्या दोन नोंदींवरून गेल्या हंगामातील सगळी लग्ने चाळायची, आणि तीही ग्राहकाला दिलेल्या निवडक फोटोंत, कारण काढलेल्या सगळ्या फोटोंत सवयीचा भरणा असतो. भाच्याने तसे केले. निवडलेल्या फोटोंत उभे फोटो निम्म्याहून जास्त निघाले. आणि त्यांतले बहुतेक सत्तर-दोनशेचे होते. मामांनी चष्मा पुसून ते पुन्हा पाहिले.

"बॅटरीसाठी म्हणून घेणार असतास, तर मी नको म्हटले असते," ते म्हणाले. "हे बॅटरीचे काम नाही, तुझ्या खांद्याचे आहे. चाळिशीनंतर या व्यवसायातली माणसे कॅमेरा सोडतात ती डोळ्यांमुळे नव्हे, मनगट आणि मान यांमुळे. मी ती पाहिली आहेत. तेव्हा घे. पण दोन्ही बॉडींना नको. सत्तर-दोनशे ज्या बॉडीला लावतोस तिलाच लाव. रुंद लेन्सची दुसरी बॉडी हलकी राहू दे, आणि व्हिडिओवाला गिंबल लावणार असेल तर त्याला तीच दे, ग्रिपसकट कॅमेरा गिंबलवर तोलत नाही. दुसरे, स्वस्त नक्कल घेऊ नकोस. तुझ्या कॅमेऱ्याच्या बॅटरीच्या खोबणीत तिची जीभ जाते, म्हणजे सगळी वीज तिच्या पट्ट्यांतून येणार; आपल्याकडच्या वावटळीत धूळ त्या पट्ट्यांवर बसली आणि ग्रिपने मध्येच दगा दिला, तर बॉडीत दुसरी बॅटरी नसते. हंगामात दर आठवड्याला स्क्रू सोडून कोरड्या कापडाने पुसायची."

"आणि बॅटरीच्या झाकणाचे?" भाच्याने विचारले. ग्रिप बसवताना ते काढून ठेवावे लागते, आणि हरवते.

"ते माझ्याकडे दे," मामा म्हणाले, आणि गल्ल्यातल्या निगेटिव्हच्या जुन्या डबीत त्यासाठी जागा करू लागले.